चर खणणारे यंत्र आणि आपला जीव



जमीन खणणे हे काम आपल्याला नवे नाही. कुदळ, फावडे, पहार आणि घमेले ही आपली जुनी हत्यारे. पाण्याच्या पाइपासाठी शंभर फूट चर खणायचा म्हणजे चार माणसांचे दोन-तीन दिवस सहज जात. आता तेच काम एक लहान यंत्र काही तासांत करते. शेततळे असो, पाइपलाइन असो, शौचालयाचा खड्डा असो, की घराचा पाया असो, गावात यंत्र येते आणि घरघर सुरू होते. पोरेसोरे पाहायला धावतात. म्हातारी माणसेही काठी टेकत येतात.

यंत्र चांगलेच आहे. त्याने कष्ट वाचतात, वेळ वाचतो. पण कुदळ चुकली तर पायाला लागते. यंत्र चुकले तर माणूस जातो. म्हणून या यंत्राची माहिती ते चालवणाऱ्याला तर हवीच, पण त्याच्याजवळ काम करणाऱ्याला आणि ते भाड्याने आणणाऱ्यालाही हवी.

आम्ही जन्मभर शाळेत खडू धरला. पण जाणत्या ऑपरेटरांशी बोलून आणि बांधकाम खात्याचे नियम वाचून जे समजून घेतले, ते येथे सोपे करून सांगत आहोत.

यंत्राची ओळख

आपण या यंत्राला ‘पोकलेन’ म्हणतो. हे मुळात फ्रान्स देशातील एका कंपनीचे नाव. तिची यंत्रे आपल्याकडे आली आणि पुढे अशा सगळ्याच यंत्रांना तेच नाव पडले. ‘जेसीबी’चेही तसेच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या गृहस्थांनी 1945 साली इंग्लंडात कारखाना काढला. त्यांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे म्हणजे जेसीबी.

दोन्ही यंत्रांत फरक आहे. जेसीबी रबरी टायरांवर चालतो. त्याला पुढे माती ढकलायचे व उचलायचे मोठे सूप असते आणि मागे खणायचा हात असतो. पोकलेन लोखंडी किंवा रबरी चेनीवर चालते. तिचे वरचे सगळे धड गर्रकन गोल फिरते. लहान पोकलेन साधारण एक ते सहा टन वजनाची असते. अरुंद बोळात, दोन झाडांच्या मधे, बांधाच्या कडेला ती जाऊ शकते.

तिचा हात आपल्या हातासारखाच आहे. खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग म्हणजे बूम. कोपरापासून मनगटापर्यंतची दांडी. आणि पुढे तळहातासारखी बकेट. मग या हाताला एवढे बळ येते कोठून? तेलातून. इंजिन तेलाला फार मोठ्या दाबाने नळ्यांतून ढकलते आणि ते तेल हात हलवते. हा दाब ध्यानात ठेवा. त्याविषयी पुढे सांगायचे आहे.

माती किती जड असते?

माती म्हणजे माती, तिला कसले भ्यायचे, असे आपल्याला वाटते. पण हिशेब करून पाहू.

एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा मातीचा ठोकळा घ्या. त्याचे वजन भरते साधारण 45 किलो. म्हणजे जवळजवळ सिमेंटचे एक पोते. माती ओली असेल तर वजन आणखी जास्त. आता चराची एक कड ढासळली असे समजा. सहा फूट लांब, चार फूट उंच आणि फक्त एक फूट जाड. किती घनफूट झाले? सहा चोक चोवीस. चोवीस घनफूट म्हणजे हजार किलोंहून जास्त! वीस-बावीस सिमेंटची पोती एकदम अंगावर पडावीत, तसे हे झाले.

असा ढिगारा छातीवर बसला की माणूस श्वास सोडू शकतो, पण पुन्हा घेऊ शकत नाही. कारण श्वास सोडताच छाती आत जाते आणि माती त्या जागेत बसते. तोंड उघडे असले तरीही जीव गुदमरतो. म्हणून चराची कड ढासळणे हा खणण्याच्या कामातला फार मोठा धोका आहे. यंत्राच्या घरघरीकडे सगळ्यांचे लक्ष असते. कड मात्र आवाज न करता सुटते.

काम सुरू करण्याआधी

आधी जमिनीखाली काय आहे ते विचारा. पाण्याची जुनी लाईन, मोटारीची केबल, टेलिफोनची किंवा इंटरनेटची केबल, शेजाऱ्याची पाइपलाइन, यांपैकी काहीही असू शकते. ग्रामपंचायतीत विचारा. पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना जुने ठाऊक असते. 2023 साली सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे मोबाइल ॲपही काढले आहे. खणण्याआधी त्यावर कळवले, तर ज्यांच्या केबली किंवा पाइप तेथे असतील त्यांना सूचना जाते. केबल असल्याचा संशय असेल तेथे यंत्र लावू नका. तेवढा भाग हाताने, हळू उकरा.

मग मान वर करून पाहा. विजेच्या तारा आहेत का? लहान यंत्राचा हातदेखील वर केला की बारा-पंधरा फुटांपर्यंत पोचतो. शेतातल्या तारा पुष्कळदा झोळ पडून खाली आलेल्या असतात. आणि जास्त दाबाच्या विजेला तारेचा स्पर्शच हवा असे नाही. फार जवळ गेले तरी ती उडी मारते. तारेच्या दोन्ही बाजूंना निदान वीस फुटांत यंत्र आणायचे नाही, असा आपल्यापुरता नियम ठेवावा. तारेखालीच काम असेल तर वीज खात्याच्या माणसाला सांगून लाईन बंद करून घ्यावी. “मी सांभाळून हात फिरवतो,” असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये. ऑपरेटरचे डोळे खाली बकेटीकडे असतात, वर तारेकडे नसतात.

तिसरी गोष्ट, जागा आखून घ्या. यंत्र जेथवर हात फिरवेल तेथवर चुन्याची रेघ ओढा किंवा दोरी बांधा. त्या रेघेच्या आत पोरे, गुरे, पाहुणे कोणीही नको.

यंत्रावर बसताना

शिकलेल्या माणसानेच यंत्र चालवावे. मालकाचा भाचा आला, त्याला हौस आहे, म्हणून त्याच्या हाती लिव्हर देऊ नये.

चढताना तोंड यंत्राकडे ठेवावे. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार सतत असावेत. लिव्हर धरून चढू नये. उपरण्याचे टोक, सैल बाही किंवा गळ्यातला गमछा लिव्हरला अडकतो आणि यंत्राचा हात आपोआप फिरतो. म्हणून कपडे आवळ असावेत.

बसल्यावर पट्टा बांधावा. “चार पावलांचे काम, पट्टा कशाला?” असे पुष्कळ म्हणतात. अहो, यंत्र कलंडले की माणूस घाबरून बाहेर उडी मारतो आणि त्याच बाजूला यंत्र त्याच्या अंगावर येते. पट्टा बांधलेला माणूस केबिनच्या किंवा छताच्या लोखंडी चौकटीत राहतो. ती चौकट त्याला वाचवण्यासाठीच केलेली असते. म्हणून यंत्र कलंडू लागले तर उडी मारू नये. आत घट्ट धरून बसावे.

सुरू करण्याआधी भोंगा वाजवावा आणि मागे-पुढे पाहावे. मग मोकळ्या जागेत प्रत्येक लिव्हर हळू हलवून पाहावा. हे का करायचे? कारण सगळ्या यंत्रांचे लिव्हर सारखे नसतात. पुष्कळ यंत्रांत डाव्या लिव्हरने धड फिरते व दांडी पुढे-मागे होते आणि उजव्या लिव्हरने बूम व बकेट हलते. पण काही यंत्रांत बूम आणि दांडीची कामे उलटी असतात. काल एक यंत्र चालवले आणि आज दुसरे, तर हात जुन्या सवयीने चुकतो.

आणखी एक गोम आहे. धड पूर्ण उलटे फिरवले की चालण्याचे लिव्हरही उलटे होतात. पुढे ढकलले की यंत्र मागे जाते! म्हणून चालवण्याआधी चेनीकडे पाहावे. चेन ओढणारे दातेरी चाक मागे आहे ना, एवढी खात्री करावी.

खणताना

खणताना यंत्र शक्य तितके सपाट जागी उभे करावे. चराच्या कडेशी उभे राहून खणायचे असेल, तर चेनी चराकडे सरळ तोंड करून ठेवाव्यात, आडव्या नव्हेत. दातेरी चाक मागच्या बाजूला ठेवावे. कड सुटू लागली तर यंत्र तसेच सरळ मागे घेता येते. चेन कडेला समांतर असेल तर पळायला वाट राहत नाही. एक चेन धसली की यंत्र चरात कलंडते.

लहान यंत्र पुढे-मागे भक्कम असते, पण आडव्या बाजूला अरुंद असते. भरलेली बकेट लांब करून आडवी फिरवली की तोल जातो. म्हणून भरलेली बकेट जवळ घ्यावी, खाली ठेवावी आणि हळू फिरवावी. डोक्यावर भरलेली घागर घेऊन बाई कशी वळते ते आठवा. झटका देत नाही, पाण्याला हिंदकळू देत नाही. तसेच हे आहे.

उतारावर चालताना सरळ वर जावे किंवा सरळ खाली यावे. उताराला आडवे जाऊ नये, उतारावर वळू नये. बकेट जमिनीपासून फूटभर वर ठेवावी. घसरू लागले तर ती लगेच टेकवता येते.

काठाच्या खालची माती पोखरून वर माती लोंबती ठेवू नये. खणायचे ते नेहमी वरून खाली.

आणि बकेट ही पाळणा नव्हे. तिच्यात माणूस बसवून खाली सोडणे, वर चढवणे, झाडाच्या फांदीपाशी नेणे, हे कधीही करू नये. तेलाची एक नळी फुटली की हात धाडकन खाली येतो.

यंत्राजवळ वावरताना

हे शब्द बिगाऱ्यांसाठी, पाइप टाकणाऱ्यांसाठी आणि पाहायला आलेल्यांसाठी.

ऑपरेटरला सगळीकडचे दिसत नाही. त्याच्या मागे दिसत नाही. बूम ज्या बाजूला आड येते तिकडचेही दिसत नाही. म्हणून आपण यंत्र पाहिले म्हणजे यंत्राने आपल्याला पाहिले असे समजू नये. ऑपरेटरच्या डोळ्याला डोळा मिळाला, त्याने बकेट जमिनीवर टेकवली, लिव्हरला कुलूप लावले, मगच जवळ जावे.

धड फिरते तेव्हा पुढे बकेट फिरते, तसा मागचा जड भागही फिरतो. यंत्र आणि भिंत, यंत्र आणि झाड, यंत्र आणि ट्रॅक्टरची ट्रॉली यांच्या मधे कधीही उभे राहू नये. तेथे माणूस घाण्यातल्या उसासारखा चिरडतो.

इशारा करायला एकच माणूस नेमावा. चौघांनी चार बाजूंनी “घे, घे”, “थांब, थांब” असे ओरडले तर ऑपरेटर कोणाचे ऐकणार? पण ‘थांब’ हा इशारा मात्र कोणीही करावा. लहान पोराने हात वर केला तरी यंत्र थांबले पाहिजे.

यंत्राच्या नळीतून तेल गळताना दिसले तर त्यावर बोट ठेवून पाहू नये. सुईएवढ्या भोकातून येणारे तेल इतक्या दाबाचे असते की ते कातडीत शिरते. वरून नुसता ठिपका दिसतो, पण आत बोट सडते, कापावे लागते. इंजिन बंद करून, बकेट टेकवून, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून गळती शोधावी. अंगात तेल गेलेच, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी, लगोलग मोठा दवाखाना गाठावा.

चरात उतरण्याआधी

आता सर्वांत महत्त्वाचे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांवर चरासाठी जे नियम आहेत, ते आपण आपल्या शेतातही पाळावेत. नियम असे:

चर पाच फूट किंवा जास्त खोल असेल तर कडा तिरक्या कापाव्यात, नाहीतर फळ्या व आडवे टेकू देऊन त्या धराव्यात.

खणलेली माती काठावर रचू नये. काठापासून निदान पाच फूट दूर टाकावी. चर दहा फुटांहून खोल असेल तर खोलीच्या निम्म्याइतकी दूर टाकावी.

चर चार फूट किंवा जास्त खोल असेल तर आत शिडी हवीच, दर शंभर फुटांत निदान एक. शिडी काठाच्या वर तीन फूट आलेली असावी.

“अहो गुरुजी, आमची काळी माती घट्ट आहे, भिंतीसारखी उभी राहते,” असे कोणी म्हणेल. सकाळी उभी राहते, हे खरे. पण काळी माती वाळली की तिला भेगा पडतात आणि भिजली की ती लोण्यासारखी सुटते. जुनी भर टाकलेली जमीन, पूर्वी खणलेला चर, शेजारून वाहणारा पाट, जवळून जाणारा ट्रॅक्टर, यांपैकी काहीही तिला हलवते. पाऊस पडून गेल्यावर तर चर पुन्हा तपासल्याशिवाय कोणीही उतरू नये. काठावर बारीक भेग दिसली, मातीचे खडे आपोआप घरंगळू लागले, की ती सूचना समजावी आणि ताबडतोब वर यावे.

अपघात झालाच तर

माणूस मातीखाली गेला तर पहिला विचार येतो, यंत्रानेच माती काढू. तसे करू नका. बकेटीचे दात त्याला फाडतील. यंत्राच्या हादऱ्याने दुसरी कडही पडेल. सगळ्यांनी धावत चरात उड्या मारू नका. एकाला काढायला गेलेले दोघे तेथेच पुरले जातात. यंत्र बंद करा. 112 वर फोन करा. रुग्णवाहिकेसाठी 108. उरलेली कड फळ्यांनी धरा, मग हातांनी आणि घमेल्यांनी माती काढा. आधी तोंड मोकळे करा, मग छाती. अर्धा पुरलेल्या माणसाला दोरी बांधून ओढू नका. तो निघत नाही, त्याचे हाडमांस तुटते.

यंत्राला विजेची तार लागली तर ऑपरेटरने आतच बसून राहावे आणि बाकीच्यांना दूर जायला ओरडून सांगावे. हात मोकळा फिरत असेल तर तारेपासून सोडवून घ्यावा. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत उतरू नये. आग लागली तरच बाहेर पडावे. तेही एका वेळी यंत्र आणि जमीन दोन्हींना न शिवता, दोन्ही पाय जोडून उडी मारून. मग पाय जोडलेलेच ठेवून लहान लहान उड्या मारत दूर जावे. का बरे? जमिनीतही वीज पसरलेली असते. यंत्राजवळ जास्त, दूर कमी. पाय फाकले की एका पायाकडे जास्त, दुसऱ्याकडे कमी, आणि वीज एका पायातून शिरून दुसऱ्यातून जाते.

घाईचा हिशेब

हे सगळे ऐकून शेतकरी म्हणतो, “यंत्र तासावर आणलंय. मीटर पळतोय. शिडी कुठे शोधू, फळ्या कुठून आणू, माती लांब टाकत बसू का?”

हा प्रश्न खोटा नाही. पैसा कष्टाचा आहे. म्हणून हिशेबच करू. शिडी, फळ्या, दोरी आदल्या दिवशी आणून ठेवल्या तर मीटर पळत नाही. तारा-केबलींची चौकशीही आदल्या दिवशी होते. माती पाच फूट दूर टाकायला आणि कडा तिरक्या कापायला थोडा वेळ जास्त लागतो, हे कबूल. चार तासांच्या कामाला पाच तास लागतील. एका तासाचे भाडे जास्त जाईल. आता दुसरी बाजू मांडा. चरात उतरणारा असतो कोण? आपला मुलगा, आपला भाऊ, नाहीतर रोजाने आलेला गावातलाच कोणी गडी. त्याच्या घरी बायको-पोरे वाट पाहतात. त्याच्या जिवापुढे एका तासाचे भाडे किती?

गडी मालकाला बोलायला भितो. उद्याचा रोज जाईल, असे त्याला वाटते. म्हणून मालकानेच सकाळी सर्वांसमोर म्हणावे, “कड नीट वाटली नाही तर कोणीही उतरू नका. काम थांबलं तरी रोज मिळेल.” या एका वाक्याने जीव वाचतात. आणि गड्यानेही ध्यानात ठेवावे. “दादा, कड धरल्याशिवाय मी खाली उतरत नाही,” असे म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. तो शहाणपणा आहे. शिर सलामत तर पगडी पचास.

ध्यानात ठेवा

1. आधी चौकशी करा: खाली केबल, वर तार.
2. पट्टा बांधा. कलंडताना उडी मारू नका.
3. चेनी चराकडे सरळ ठेवा. भरलेली बकेट जवळ व खाली ठेवा.
4. यंत्राच्या फिरण्याच्या टप्प्यात कोणीही उभे राहू नका.
5. पाच फूट खोल चराला तिरक्या कडा किंवा फळ्या. माती दूर. शिडी आत.
6. काम थांबले की बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि किल्ली खिशात घ्या.

हा धडा ज्यांना वाचता येतो त्यांनी ज्यांना येत नाही त्यांना वाचून दाखवावा. पुढच्या वेळी गावात यंत्र येईल, तेव्हा काम सुरू होण्याआधी पाच मिनिटे सगळ्यांनी एकत्र बसावे आणि हे सहा मुद्दे एकदा मोठ्याने म्हणावेत. मग यंत्राला खुशाल भोंगा वाजवू द्या.